टोकाचं काम

गांधी बझारच्या फुलवाल्या गजरा करताना सुई वापरत नाहीत. डाव्या हाताच्या बोटांत दोन कळ्या या तोंडाच्या, दोन त्या तोंडाच्या. देठांवरून दोऱ्याचा एक वळसा, मग बोटावर उलटा फास. तो देठांवर उतरवून ओढला की चारही कळ्या पक्क्या. लगेच पुढच्या चार. नजर गिऱ्हाइकावर, तोंडात भाव आणि बोटं आपली चाललेली. माळ मोजतात ती 'मोळ' या मापाने, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. ज्या बाईचा हात लांब तिची मोळ लांब, आणि यावरून गिऱ्हाईक आणि फुलवाली यांच्यात थट्टाही चालते. दोऱ्याची ही गाठ रात्रीपर्यंत टिकली तरी तिचं काम झालं. सकाळी गजरा निर्माल्यात जातो.

लग्नसराईत याच बाजारात 'मोग्गिन जडे' सांगून करून घेतात. नवरीच्या वेणीवर पाठभर बसवायचा हा कळ्यांचा साज. न उमललेल्या कळ्या एका पट्टीवर ओळीने बांधायच्या, मधूनमधून रंगीत फुलं आणि जरीचा दोरा. काही तासांच्या शोभेसाठी एवढं बारीक काम, कारण कळी उमलायच्या आत मुहूर्त गाठायचा असतो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'पाटी नसलेले व्यवसाय' हा विषय दिला, तेव्हा गाठी घालून पोट भरणाऱ्या माणसांकडे बघावं असं ठरवलं. त्यासाठी हा गांधी बझार ज्यात आहे ते बेंगळुरूचं बसवनगुडी निवडलं, कारण इथे पायी फिरण्याच्या अंतरात तऱ्हेतऱ्हेच्या गाठी सापडतात. साडीच्या पदराला गोंडे बांधणाऱ्या बायका, ब्लाउजच्या पाठीवर दोरीची बटणं लावणारे शिंपी, आणि मेट्रोने दोन स्थानकं पुढे गेलं की जुन्या पेठेत रेशमात सोनं गाठवणारे पटवेकरी. शोभेची कामं म्हणून या सगळ्यांकडे बघितलं जातं. जवळ बसून पाहिलं तर कळतं, की प्रत्येकाच्या हातात काही तरी संपत असतं. कापड संपतं, दोरा संपतो, अंगरख्याची कड संपते. ते टोक उसवू नये म्हणून गाठ घालावी लागते, आणि घालायचीच आहे तर ती देखणी का नको, एवढाच या कलेचा उगम.

पदराचा शेवट

बसवनगुडी हे नाव दोड्ड बसवण्णाच्या देवळावरून आलं. अखंड दगडातला मोठा नंदी, त्याच्यासमोर कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरणारी शेंगदाण्यांची जत्रा, 'कडलेकायी परिषे'. १८९८ च्या प्लेगनंतर दाटीच्या पेठांतून माणसं बाहेर काढायची म्हणून ज्या मोकळ्या वसाहती वाढल्या, त्यांतली ही एक. रुंद रस्ते, झाडं, संगीतसभा, नृत्याचे वर्ग, देवळं आणि १९४३ पासून डोसा खाऊ घालणारं विद्यार्थी भवन. अशा वस्तीत रेशमी साडी वर्षभर लागते. वरमहालक्ष्मी, गौरी-गणपती, दसरा, लग्नं, मुलीचं अरंगेत्रम. आणि इथे रेशमी साडी नेसण्याआधी तीन कामं होतात: फॉल, पिको आणि कुच्चू, म्हणजे पदराचे गोंडे.

माग सोडताना विणकर साडीच्या शेवटी काही इंच ताणा न विणता ठेवतो. आपण त्याला पदराच्या दशा म्हणतो. हजारो सुटे धागे तसेच ठेवले तर शेवटचा बाणा सरकू लागतो, मग त्याच्या आधीचा, आणि पदर काठाकडून उसवत जातो. म्हणून आपल्या आज्या दुपारच्या वेळी दशांना पीळ देऊन गाठी घालत. धाग्यांच्या दोन पुंजक्यांना एकाच दिशेने पीळ द्यायचा, मग ते दोन्ही उलट दिशेने एकमेकांभोवती फिरू द्यायचे. उलटे पीळ एकमेकांना धरून ठेवतात, खाली एक साधी गाठ आणि झालं. खर्च शून्य.

बेंगळुरूच्या कुच्चूची सुरुवात इथूनच, पण तो आता बराच पुढे गेलाय. डी. व्ही. जी. रोडच्या मागच्या एका गल्लीत मी ज्या घरी बसलो होतो, तिथे पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलाच्या कडेवर पदर, आणि पदर सरकू नये म्हणून वर मुलाची जाडजूड गाइडं. तिथल्या कुच्चूवाल्या बाईंची मातृभाषा मराठी, पण कामाचे शब्द कानडी. पदराला 'सेरगू', दोऱ्याला 'दारा'. सकाळचा उजेड असेपर्यंत गडद रंगाच्या साड्या, दुपारनंतर फिकट, आणि दिवा लावल्यावर नुसती दोऱ्याची तयारी, असा त्यांचा क्रम. काळ्या आणि गर्द जांभळ्या साडीचं काम त्या संध्याकाळी हातात घेत नाहीत.

कुच्चू दोन प्रकारे होतो. एक, साडीच्याच दशांचा. त्या बोटांनी विंचरायच्या, सारख्या पुंजक्यांत वाटायच्या आणि जरीच्या धाग्याने गळ्याशी बांधायच्या. दुसरा, वेगळ्या रेशमी धाग्याचा. साडीतल्या दोन-तीन रंगांना जुळणारी रिळं आणायची, धागा एका मापाच्या पुठ्ठ्याभोवती किंवा दोन खिळ्यांमध्ये पुष्कळदा फिरवून जाड लड करायची, ती पदराच्या कडेतून सुईने ओढायची, दुमडायची, गळ्याशी जरीचे घट्ट वळसे द्यायचे, जरीचं टोक त्याच वळशांच्या पोटात लपवायचं आणि खाली कात्रीने सरळ रेषेत कापायचं. अवघड भाग वळशांचा. सैल पडले तर दोन धुण्यांत गोंडा निसटतो. फार ओढले तर रेशीम काचतं आणि गोंडा फुलत नाही. बाकी काम सवयीचं. गळा आवळायचा अंदाज मात्र बोटांना यायला बरेच महिने लागतात.

आता गणित मांडू. साडीची रुंदी साधारण ४५ ते ४८ इंच. पाऊण इंचाला एक गोंडा धरला तरी ६० ते ६५ गोंडे. प्रत्येकाला ओढणं, दुमडणं, बांधणं, लपवणं आणि कापणं. साधा कुच्चू दोन-तीन तासांत उतरतो. क्रोशाच्या सुईने आधी जाळी विणून तिला मणी आणि मग गोंडे लावायचे म्हटले की दिवस जातो, कधी दोन. लहान गोंड्यांची दाट ओळ म्हणजे बेबी कुच्चू. त्याला धागा कमी लागतो पण गाठी दुप्पट.

गिऱ्हाइकाला हवं ते सगळंच करून देता येत नाही, हेही त्या खोलीत कळलं. कांजीवरमचा पदर जड, तो मण्यांचं ओझं पेलतो. क्रेप किंवा ऑर्गन्झाला तेच लावलं तर पदर ओढला जातो आणि सुईच्या भोकाशी कापड फाटतं. लांब गोंडे फोटोत छान दिसतात, पण स्कूटरवर मागे बसणारीच्या पदराला ते धोक्याचे. साडी कुणाची आणि ती कशाने फिरते, हे विचारूनच बाई लांबी ठरवतात.

बारा बंद आणि एक घुंडी

पदराचं टोक बंद करायचं असतं. कपड्याच्या कडांचं तसं नाही. त्या दोन असतात, आणि रोज जोडायच्या नि सोडायच्या असतात. आपल्याकडे याची जुनी सोय बंदांची. बाराबंदी तर नावापासूनच बंदांची. सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीच्या दिवसांत पांढऱ्या बाराबंद्या घातलेले मानकरी आजही दिसतात. बंदांचा फायदा असा, की माणूस जाड झाला तरी कपडा चालतो. तोटा असा, की घालायला वेळ लागतो आणि गाठ भलत्या वेळी सुटते.

घुंडी हा दुसरा मार्ग. एका कडेला दोरीची किंवा कापडाची गोळी, समोरच्या कडेला तेवढाच फासा. एका हाताने लागते, एका हाताने निघते. उत्तरेत कुर्त्या-अंगरख्यांवर घुंडी-तुकमा असे. चीनमध्ये उभ्या गळ्याच्या पोशाखावर दोरीच्या गाठींची बटणं हीच शोभा. खलाशी चाकूची दोरी कमरेला अडकवताना तिच्याच भावंडाची गाठ घालत. क्लिफर्ड अॅश्ली हा अमेरिकन चित्रकार स्वतः व्हेलच्या जहाजावर राहिलेला. त्याने साडेतीन हजारांहून अधिक गाठी रेखाटून १९४४ मध्ये जो ग्रंथ काढला, त्यात बटणाच्या गाठींना भरपूर जागा आहे. दर्जी आणि खलाशी एकाच गाठीपाशी पोचले, कारण दोघांची अडचण एकच होती: दोरीला असा गोळा हवा, जो फासातून मुद्दाम काढल्याशिवाय निघणार नाही आणि ज्याचं टोक कुठेच दिसणार नाही.

ती कशी घालतात ते सांगतो. हाताशी नाडी असेल तर वाचता वाचता करून बघता येईल. दीड-दोन वीत दोरी मधोमध धरा. डाव्या टोकाचा एक वळसा करून तळहातावर ठेवा. उजवं टोक त्या वळशावर आडवं टाका, डाव्या टोकाच्या खालून न्या आणि मग वळशातून परत येताना एकदा वरून, एकदा खालून, एकदा वरून असं ओवा. एक चपटी जाळी तयार होते. प्रत्येक छेदाशी दोरी आळीपाळीने वर-खाली असली पाहिजे. एक जरी चुकला तरी शेवटी सगळं सुटून हातात येतं. जाळीच्या मधोमध एक चौकोनी डोळा दिसेल. आता दोन्ही टोकं आपापल्या बाजूच्या शेजारच्या दोरीला बाहेरून वळसा घालून जाळीच्या खालून त्या डोळ्यातून वर काढा. दोन्ही टोकं एकत्र धरून ओढलं, की चपटी जाळी आपोआप पोटाकडे वळते आणि गोल होऊ लागते.

इथे नवशिके घाई करतात. ओढून घट्ट केलं की वाकडी गाठ होते, एक पाकळी मोठी, एक दबलेली. शिंपी तसं करत नाही. गोळी अजून सैल असताना तो सुईच्या टोकाने दोरीचा माग काढतो. सुरुवातीच्या बाजूने थोडी ढील पुढे सरकवायची, मग पुढच्या वळणावर, मग त्याच्या पुढच्या, अशी ती संपूर्ण गाठीतून फिरवून शेवटी टोकांतून बाहेर काढायची. विरुद्ध बाजूला राहिलेला फासाही अशाच रीतीने गोळीत मुरतो. पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन फेऱ्यांत सगळ्या पाकळ्या सारख्या होतात. गाठ घालायला लागतो एक मिनिट, घट्ट करायला चार-पाच. एवढी दोरी आत जाते, पण बाहेर उरते ती वाटाण्याएवढी गोळी आणि दोन शेपटं. ती कापडावर शिवून टाकली की टोक कुणाला दिसत नाही.

उरेब पट्टी आणि मराठी शिंपी

बसवनगुडीच्या आणि शेजारच्या हनुमंतनगर-गवीपुराच्या गल्ल्यांतल्या शिंप्यांच्या दुकानांत मराठी कानावर पडते. गवीपुरात मराठा समाजाचा गोसाई मठ आहे. तिथल्याच सरकारी कानडी शाळेत शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा शिकला आणि पुढे रजनीकांत झाला. बेंगळुरूशी मराठी नातं जुनं आहे. विजापूरच्या फौजेने १६३८ मध्ये हे शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. सगळी घराणी तेव्हाची नाहीत, पुष्कळ पुढच्या दोन-तीन शतकांत आली. भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी या समाजांनी रंगकाम, छपाई आणि शिवण ही कामं आणली, सोबत विठ्ठल आणला. घरात मराठी बोलतात, लिहितात कानडीत. नावापुढे 'राव' असतं आणि दुकानाच्या भिंतीवर पांडुरंग.

अशाच एका दुकानात दोरीची बटणं कशी होतात ते पाहिलं. बाहेरून विकत आणलेली गोल दोरी ब्लाउजला शोभत नाही. ती साडीच्या किंवा ब्लाउजच्याच कापडाची हवी. त्यासाठी कापड उरेब कापायचं, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकं. सरळ कापलेल्या पट्टीची नळी वळणावर चुरगळते. उरेब पट्टी किंचित ताणते आणि वळते, म्हणून गाठीत सुरकुती पडत नाही. पट्टी उलटी दुमडून शिवायची, शिलाई मारताना हात जरा सैल सोडायचा, नाही तर नंतर ताणली की दोरा तुटतो. मग नळीच्या एका टोकाला सुईदोरा बांधून सुई उलटी, नाक पुढे करून आतून सरकवायची आणि नळी सुलटी करायची. गुळगुळीत रेशीम असेल तर घसरत निघते, टसर असेल तर घाम फोडते.

एक ब्लाउज, पाठीवर पाच-सहा घुंड्या, तेवढेच फासे, कमरेशी दोरी आणि दोरीला लटकनं. फासे सगळे सारखे यावेत म्हणून मास्तर आधी कागदावर दोन रेषा मारतो, त्यांच्यामध्ये दोरी वळवून शिवतो आणि मग कागद फाडून टाकतो. घुंडी फासात जराशी अडखळलीच पाहिजे. सहज गेली तर सहज निघेल, आणि ब्लाउज पाठीवर आहे.

घाईच्या दिवसांत मात्र घुंडीची जागा पोटली बटण घेतं. कापडाची गोल चकती, आत मणी किंवा कापूस, तोंड दोऱ्याने आवळलं की झालं. दुरून फरक कळत नाही. पोटली बटण हाताखालचा मुलगाही करतो. घुंडी करायला मास्तरालाच बसावं लागतं. म्हणून ती मागणारं गिऱ्हाईक आलं की मास्तर आधी तारीख विचारतो. श्रावणाआधी आलं तर हो, दसऱ्याच्या आठवड्यात आलं तर पोटली.

अंगठ्याला दोरा

नॅशनल कॉलेज स्थानकावरून मेट्रोत बसलं की के. आर. मार्केट आणि त्यापुढे चिक्कपेटे. वर आलं की जुनी पेठ: साड्यांची दुकानं, अॅव्हेन्यू रोड, सोन्याच्या कामाची नगरथपेठ, आणि ममुलपेठ, जिथे मणी, लेस, जरी, तयार गोंडे किलोवर मिळतात. बसवनगुडीतल्या कुच्चूवाल्या बायका महिन्याचं सामान इथून भरतात. सराफांच्या आसपास दागिने गाठवणारे बसतात. आपल्या कोल्हापूरच्या गुजरीत किंवा पुण्यातल्या पेठांत पटवेकरी बसतात तसेच.

त्यांना जागा फार लागत नाही. बैठक, रेशमाच्या लडी, मेण, कात्री, बारीक सुया. आणि पायाचा अंगठा. दोऱ्याचं एक टोक अंगठ्याला अडकवलं की दोन्ही हात मोकळे राहतात आणि ताण कमी-जास्त करणं पायाच्या हालचालीवर येतं. गोफ विणताना पटवेकऱ्याचा पाय सतत बारीक हलत असतो. पकडीला किंवा खिळ्याला हे जमत नाही, कारण त्यांना ताण कळत नाही.

सोनं टिकतं, मोती टिकतात, पण ज्यावर ते टांगलेले असतात तो दोरा टिकत नाही. घाम, तेल, अत्तर यांनी रेशीम कुजतं. सोन्याच्या मण्याच्या भोकाची कड बारीक पात्यासारखी असते, ती आतून दोरा कापत राहते. म्हणून रोजच्या वापरातली पोत किंवा कानडी घरांतली करिमणी काही वर्षांनी पुन्हा गाठवावी लागते. मोत्यांच्या सरात प्रत्येक मोत्यानंतर गाठ असते ती यासाठीच. दोरा कुठेही तुटला तरी एकच मोती निसटतो, बाकीचे आपापल्या गाठीला अडून राहतात. शिवाय मोती एकमेकांना घासत नाहीत. ही गाठ मोत्याला अगदी चिकटून बसली पाहिजे. पटवेकरी सैल गाठीत सुई घालतो, सुईने गाठ मोत्याच्या अंगाशी रेटतो आणि ती चिकटली की सुई काढून ओढतो. केसभर अंतर राहिलं तर सर गळ्यात वाकडा पडतो.

तन्मणी, ठुशी किंवा साज यांच्या मागे गोफ असतो, आणि त्यावर सरकती गाठ. दागिना लेकीला दिला, सुनेने घातला, गळा बदलला तरी चालतो. गोफाची दोन टोकं जिथे येतात तिथे गोंडा. तो पाठीवर असतो, समोरून दिसतही नाही, पण त्याचं थोडं वजन दागिन्याला पुढे झुकू देत नाही आणि सरकती गाठ टोकावरून निसटू देत नाही. नृत्याच्या मुलींच्या वेणीला खाली तीन गोंडे लावतात, 'जडे कुच्चू'. त्यांचंही तेच: वेणीचं टोक झाकायचं आणि फिरकी घेताना वेणी जड राहील असं बघायचं.

या धंद्याचा सगळा व्यवहार विश्वासावर आहे, तरी रीत मात्र अविश्वासाची. गिऱ्हाइकाने समोर बसायचं. आधी मणी मोजायचे, वजन करायचं, काम झाल्यावर पुन्हा मोजायचे. जुना दोरा कापल्यावर ताटलीत मोकळे पडलेले मणी, वाट्या, पानड्या बघताना बायकांचा जीव खालीवर होतो. पटवेकरी मुद्दाम सावकाश काम करतो, हात ताटलीच्या बाहेर नेत नाही. हे त्याच्या बापाने त्याला गाठीच्या आधी शिकवलेलं असतं.

मजुरी

दागिने गाठवणारा निदान रस्त्यावर दिसतो. कुच्चूवाली दिसत नाही. साडी गिऱ्हाइकाकडून बुटीककडे किंवा शिंप्याकडे जाते, तिथून एका पिशवीत बाईंच्या घरी, आणि तीन दिवसांनी परत. साध्या कुच्चूसाठी गिऱ्हाईक शे-दोनशे रुपये मोजतं, मण्या-क्रोशाच्या कामाला हजार-दोन हजारही. त्यातलं बाईंच्या हातात किती पडतं, ते मध्ये किती हात आहेत यावर ठरतं. धागा, मणी, जरी, दिवा, रिक्षा बहुधा बाईंचीच. साडीवर डाग पडला तर भरपाईही त्यांनाच द्यावी लागते. म्हणून त्या घरात साडी हातात असताना चहा मिळत नाही. आधी पदर गुंडाळायचा, मग कप.

ओळखीतून थेट आलेलं काम त्यांना सगळ्यात परवडतं. ते मिळवण्याचा एकच मार्ग: एका घरची साडी दुसऱ्या घरच्या लग्नात दिसणं. लग्नात कुणी तरी पदर हातात घेऊन विचारतं, नंबर मिळतो, आणि फोनमध्ये तो 'कुच्चू आंटी' म्हणून साठवला जातो. अनेक वर्षांच्या गिऱ्हाइकांनाही त्यांचं खरं नाव ठाऊक नसतं.

घरी बसून तुकड्यावर काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. त्यात या कामगारांना इतर पगारी कामगारांसारखीच वागणूक मिळावी असं म्हटलंय. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२१ मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदीसाठी ई-श्रम सुरू झालं. पण नोंद व्हायची तर आधी आपण कामगार आहोत असं वाटावं लागतं. खिडकीशी बसून गोंडे बांधणाऱ्या बाईला घरचे म्हणतात, "फावल्या वेळात काही तरी करते." तीही तसंच सांगते. त्या 'फावल्या' वेळातून मुलाची फी जाते.

शिकायला येणाऱ्या मुली मात्र कमी नाहीत. यूट्यूबवर बघून अर्ध्या शिकलेल्या येतात. नमुना त्यांना येतो, गळा आवळता येत नाही. बाई त्यांना पहिल्यांदा जुन्या ओढणीवर गोंडे बांधायला लावतात आणि मग ती ओढणी बादलीत पिळायला सांगतात. जेवढे गोंडे टिकले तेवढी परीक्षा पास.

गाठ पारखायची कशी

या सगळ्या फिरण्यातून वाचकाच्या उपयोगाचं काय मिळालं, ते दिवाळीच्या तोंडावर सांगून ठेवतो. कुच्चू करून घेतला असेल तर गोंडा ओढून बघू नका, त्याचा गळा बघा. जरीच्या वळशांतून टोक बाहेर आलेलं दिसलं किंवा डिंकाचा कडक ठिपका लागला, तर ते काम लवकर सुटणार. घुंडी घेतली असेल तर ती फिरवून चारही बाजूंनी सारखी दिसते का ते पाहा. एका बाजूला फुगलेली घुंडी आतून सैल असते. सर गाठवून आणला असेल तर तो दोन बोटांत धरून वाकवा. मोत्यांमध्ये दोरा दिसला तर गाठ मोत्यापासून दूर पडली आहे. आणि गेली पाच-सहा वर्षं आईची पोत तिच्या गळ्यात असेल, तर ती या सणाआधी गाठवायला द्या. दोरा बाहेरून चांगला दिसतो आणि मण्याच्या आत तुटतो.

या कामांची तयार रूपंही बाजारात पडून आहेत. ममुलपेठेत यंत्रावर केलेले गोंडे पाकिटात मिळतात, दोरीची बटणं डझनावर मिळतात, सर नायलॉनच्या धाग्यात न गाठता ओवून मिळतात. स्वस्तही पडतात. पण तयार गोंडा साडीच्या रंगाला जवळपासचाच असतो, तयार बटण फासाच्या मापाचं नसतं, आणि नायलॉनचा सर तुटला की सगळे मोती एकदम पलंगाखाली. हाताच्या गाठीत खास काय, तर ती त्या एका टोकासाठी घातलेली असते. ते कापड किती जड, ती बाई स्कूटरवर बसते की गाडीत, तो गळा उद्या कुणाचा असेल, हे विचारून.

विणकराच्या गावाचं नाव आता साडीला लागतं; इलकल, कांजीवरम, मैसूर सिल्क यांना भौगोलिक मानांकन मिळालंय. सोन्यावर हॉलमार्क असतो. गाठीवर कुणाचा शिक्का बसणार नाही, आणि तशी गरजही नाही. गरज आहे ती तिचा वेळ मोजून पैसे देण्याची, कारण या कामात वेळेखेरीज दुसरं भांडवल नाही. साठ गोंड्यांना दोन-तीन तास लागतात, हे एकदा समोर बसून पाहिलं की दीडशे रुपयांत घासाघीस करायला तोंड उघडत नाही.